झ्लात्को साहेबांची हरकत

इलाचा जन्म न्यू जर्सीचा, नोकरी मॅसेडोनियातल्या अमेरिकन वकिलातीत, आणि मराठी मात्र आईच्या धाकानं टिकलेलं. २००६च्या एप्रिलात ती तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्यांना घेऊन अमेरिकेत आली.

बाल्कनमधले ते छोटे देश आपसात मोकळा व्यापार करायला निघाले होते. त्याशिवाय युरोपच्या संघाचं दार उघडणार नव्हतं. वकिलात त्यांना हात देत होती, आणि इलाच्या वाट्याला सर्बियाच्या सीमेवरचा एक नाका आला होता. ट्रकची तपासणी दोन्ही देशांनी मिळून एकदाच करायची आणि आसपासच्या गावकऱ्यांना घरच्या सामानासकट बिनचौकशी सोडायचं, एवढीच योजना. पण नाक्याचे प्रमुख झ्लात्को साहेब अडून बसले होते, आणि त्यांच्या होकाराशिवाय तिथलं मंत्रालय पुढे सरकेना. उद्या वॉशिंग्टनला शेवटची बैठक होती. तिथेही ते नाही म्हणाले की इलाची सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून सकाळी तिनं सगळ्यांना डेलावेअर नदीच्या पुलावर नेलं. न्यू जर्सी संपून पेनसिल्व्हेनिया हे दुसरं राज्य लागलं तरी ट्रक भरधाव चालले होते, कुणी कुणाला हटकत नव्हतं. साहेबांनी मान वळवून वळवून चौकी शोधली. "छान," म्हणाले, पण होकार काही देईनात. आता बोला!

साहेबांना नोकरी जायची भीती असेल, असं इला धरून चालली होती. दुपारी बाकीच्यांना हॉटेलवर सोडून ती साहेबांना न्यू जर्सीतल्याच आयसेलिन गावी आईकडे जेवायला घेऊन गेली.

आईनं, म्हणजे पद्मिनीबाईंनी, पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं होतं. पाहुणा कस्टम्सवाला आहे म्हटल्यावर बाई थांबतात कुठल्या?

"अगं, विचार त्यांना, आमच्या लोणच्यानं काय घोडं मारलं होतं? माझ्या आईनं एवढी बरणी भरून दिलेली, एअरपोर्टवर सरळ कचऱ्यात टाकली!"

"आई, प्लीज! गेस्ट आहेत ते."

"मग काय झालं? गंमत करतेय. सांग ना."

इलानं हसत हसत त्यांच्या भाषेत सांगितलं. साहेबांच्या हातातली पुरी ताटात परत गेली आणि चेहरा पार उतरला. जेवायला आणलं आणि होतं ते पण घालवलं!

मग ते हळूहळू बोलू लागले आणि इला आईला सांगत गेली. त्यांच्या लहानपणी तिथे सीमा नव्हतीच, सगळा एकच देश होता. मावशीचं गाव टेकडीपलीकडे. आई लवकर गेल्यामुळे ते तिच्याच हाताखाली वाढले. पुढे देश फुटला, नाका आला, नाक्यावर नोकरी लागली. साहेबांच्या लेकीच्या लग्नाला मावशी भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या घेऊन आली. तिच्याकडे परवान्याचा कागद नव्हता, आणि हाताखालचे लोक बघत होते. साहेबांनी स्वतःच्या हातानं बरण्या कचऱ्यात टाकल्या. मावशी लग्नाला न येता तिथूनच माघारी गेली. त्यानंतर ते तिच्या दारात गेलेले नाहीत.

"नाका आहे तोवर मला म्हणता येतं, नियम होता," ते म्हणाले. "उद्या नियमच गेला, तर मी तिच्यापुढे कोणत्या तोंडानं उभा राहू?"

इलाला स्वतःची लाज वाटली. इतके महिने ती या माणसाला पगाराचे आणि बदलीचे दिलासे देत होती. पद्मिनीबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी पदरानं ते पुसले आणि श्रीखंडाचा डाव उचलला.

"भाऊंना सांग, माफीबिफी काही मागू नका. रिकाम्या हातानं जा, आणि 'मावशी, भूक लागलीय' एवढंच म्हणा. वाढल्याशिवाय राहायची नाही ती."

इलानं सांगितलं. साहेबांनी ताटातली पुरी पुन्हा उचलली आणि ते पोटभर जेवले. उद्याचं मात्र काहीच बोलले नाहीत, आणि इलालाही विचारवलं नाही.

वॉशिंग्टनच्या बैठकीत त्यांची पाळी आली तेव्हा भाषांतरासाठी इला शेजारीच उभी होती. साहेब उठले, कोटाची बटणं लावली.

"आमच्या नाक्याची हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त फार उशीर लावू नका. माझी मावशी आता थकली आहे."