मागचं दार

जिल्ह्यात कुठेही नवी इमारत उभी राहिली की लोकांना घरं दिसायची, मोजणीताईंना बाकं दिसायची. शिक्षण विभागाच्या नियोजन कक्षात बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: कुठल्या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाणार, ते ठरवायचं. खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं, आणि मोजणीताईंनीही ते कधी आठवून दिलं नव्हतं.

घर दुमजली. खाली ताई एकट्या, वर धाकटा भाऊ, भावजय आणि दुसरीत जाणारी त्यांची चिमणी. लग्नाचं वय कधी निघून गेलं ते ताईंना कळलंच नाही, पण त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. संध्याकाळी डोक्यावर चिमणीची पावलं धडधडायला लागली, की त्या भरून पावायच्या. "किती नाचतेस गं, छत पडेल माझ्यावर!" असं त्या खालून ओरडायच्या. नाच थांबला तर मात्र काळजीनं वर जाऊन बघून यायच्या.

त्या वर्षी जुन्या शाळेच्या नाकी नऊ आले. चारशे मुलांसाठी बांधलेल्या शाळेत सातशे मुलं बसत होती. हमरस्त्यापलीकडे नवी शाळा बांधून तयार होती, तेव्हा वस्तीची वाटणी करायची ठरली. वाटणीचा नियम ताईंचाच: ज्या रस्त्यावर घराचं पुढचं दार उघडतं, त्या रस्त्याची शाळा. वशिला नको, रडारड नको, दार बघा आणि मोकळे व्हा.

आणि ताईंच्या घराचं पुढचं दार नव्या शाळेच्या रस्त्यावर उघडत होतं.

"ताई, तिला हमरस्त्यापलीकडे रोज कोण नेणार?" भावजय म्हणाली. "आम्ही दोघंही सातलाच बाहेर पडतो. जुन्या शाळेत ती शेजारच्या मुलींबरोबर चालत जाते. ती शाळा सुटली, तर आम्हाला माझ्या आईजवळ घर बघावं लागेल."

भाऊ काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे घर बघून झालं असणार, हे ताईंनी ओळखलं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता उघडला आणि स्वतःच्या घरापुढे 'दार' या रकान्यात 'मागचं' असं लिहिलं. मागचं दार होतंच, जुन्या शाळेच्या गल्लीत उघडणारं. त्यातून फक्त कचऱ्याची बादली बाहेर जायची, एवढंच.

कक्षातला नकाशा काढणारा चष्मा वर सरकवून म्हणाला, "ताई, एकाच घराचं मागचं दार कसं धरणार? सगळी घरं एका साच्यातली, सगळ्यांनाच मागचं दार आहे. धरायचं तर अख्खी ओळ फिरवावी लागेल."

"मग फिरव."

"चाळीस घरं आहेत."

"फिरव म्हटलं ना!" ताई खेकसल्या. बावीस वर्षांत त्या ऑफिसात कधी खेकसल्या नव्हत्या, म्हणून त्यानं मुकाट्यानं ओळ फिरवली. त्यांची सही होती म्हटल्यावर वर कुणी तपासलंही नाही. इतक्या वर्षांचा विश्वास असा एका दुपारी खर्ची पडला.

शाळा सुरू झाली. चाळीस घरांतली सगळी मुलं जुन्या शाळेतच राहिली. नव्या शाळेत त्यांच्यासाठी धरलेले वर्ग रिकामे, आणि इकडे दुसरी-ब मध्ये एकसष्ट मुलं. चिमणी आधी दोघींच्या बाकावर तिसरी म्हणून बसली, मग जमिनीवर, मग दारात. "आत्या, मला फळा अर्धाच दिसतो," ती म्हणायची. "उरलेला अर्धा मी मनानं लिहिते." ताई हसायच्या, आणि नंतर त्यांचं जेवणावरून मन उडायचं. मग शाळेनं दोन पाळ्या केल्या. चिमणीला दुपारची पाळी आली. शेजारच्या मुली सकाळच्या पाळीत गेल्या.

पाळ्या सुरू होऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा भाऊ खाली आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"आम्ही जातोय गं. तिच्या आजीच्या गावी वर्गात तीसच मुलं आहेत."

ताईंनी तोंड उघडलं. 'ती ओळ मी फिरवली, तुम्ही राहावं म्हणून फिरवली,' हे एवढंच सांगायचं होतं. पण भाऊच आधी बोलला.

"तुझी वाटणी तुमच्या ऑफिसात कुणी डोकं गहाण टाकून फिरवली, देव जाणे. तुझ्या हातात राहिलं असतं तर असं झालं नसतं. तू नियमाची पक्की."

 ताईंनी फक्त मान हलवली. रविवारी टेम्पो आला आणि दुपारपर्यंत वरचा मजला मोकळा झाला. ताईंनी चिमणीची वेणी घालून दिली, फार घट्ट झाली म्हणून सोडली, पुन्हा घातली. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी त्यांच्याच्यानं हात आवरवेना.

सोमवारी आठवड्याचे आकडे साहेबांना वाचून दाखवायचे होते. जुन्या शाळेपाशी येऊन ताई थांबल्या.

"दुसरी-ब," त्या म्हणाल्या, "एकसष्टची साठ झाली."

"अरे वा!" साहेब खूश झाले. किती दिवसांनी त्या शाळेचा आकडा खाली आला होता. "चला, एक तरी कमी झालं. ताई, अशीच एकेक कमी होऊ दे."

ताईंनी "हो साहेब" म्हटलं आणि पुढचा वर्ग वाचायला घेतला.