शेपटीची गाठ

मित्रांनो, आमच्या गच्चीवर ओल्या चादरींच्या ओझ्याने मधोमध वाकलेला एक जाड, मळकट दोर तुम्ही पाहिला असेल. तोच मी. मला दोरी म्हटलेले आवडत नाही. दोरीने पुडकी बांधतात. मी एके काळी अख्खी बालवाडी सांभाळली आहे.

माझा जन्म एका लांबलचक पडवीत झाला. खुंटीला सुताचे पेड अडकवून एक कारागीर उलट्या पावलांनी चालत मला पीळ देत गेला. तिथून मी बाजारातल्या एका दुकानात येऊन पडलो. एके दिवशी तिथे एक ठेंगण्या, तरुण बाई आल्या. दुकानदाराने त्यांना विचारले, गुरे बांधायची आहेत की सामान?

"मुलं," बाई म्हणाल्या.

दुकानदाराचा हात मोजता मोजता थांबला. मग बाईंनी हसत सारे समजावून सांगितले. त्या बालवाडीच्या बाई होत्या. थंडी सरून झाडांना पालवी फुटली की त्या मुलांना बाहेर फिरायला नेत. कधी रोपवाटिकेत, कधी तळ्यावरची बदके बघायला, कधी बागेत वाजणारा बँड ऐकायला. पण वाटेत मोठा रस्ता होता, आणि इतकी मुले धरायला बाईंना हात दोनच. म्हणून त्यांनी मला घेतले आणि माझ्या अंगावर हात-दीड हातावर गाठी मारल्या. एका मुलाला एक गाठ. गाठ सोडायची नाही, एवढाच नियम.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस! कुणाचे हात चिकट, कुणाचे घामेजलेले. एक पठ्ठ्या तर मला चक्क चघळायचा. पुढची गाठ धरून बाई चालत. वाटेत पायरी आली की त्या "पायरी" म्हणत, मग पाठचे मूल "पायरी" म्हणे, आणि तो शब्द गाठीगाठीने मागे जाई. खड्डा आला की खड्डा जाई. रस्ता ओलांडून झाला की शेवटच्या गाठीवरचे मूल मला दोन हिसके देई. दोन हिसके म्हणजे सगळे आले, कुणी मागे राहिले नाही. तेव्हाच बाई पुढचे पाऊल टाकत.

त्या शेवटच्या गाठीला आम्ही शेपटीची गाठ म्हणत असू. ती कुणाला मिळायची, ठाऊक आहे? सगळ्यात धीट मुलाला नाही. जे मूल सगळ्यात जास्त भ्यायचे, त्याला. एका वर्षी एक चिमुरडी आली. फ्रॉकच्या खिशात कायम शेंगदाणे, म्हणून तिला सगळे शेंगदाणा म्हणत. रस्ता म्हटला की ती भोकाड पसरायची. बाईंनी तिच्या हातात शेपटीची गाठ दिली आणि म्हणाल्या, "तू सगळ्यांच्या मागे आहेस. कुणी सुटलं तर ते तुलाच कळणार. लक्ष ठेवशील ना?" त्या दिवशी शेंगदाणा रडायचे विसरूनच गेली. रस्ता ओलांडल्यावर तिने असे दोन हिसके दिले की पुढचा मुलगा धपकन खाली बसला. बाईंची युक्ती मला तेव्हा कळली. मी मात्र कुणाला सांगितली नाही. तसे कुणी विचारलेही नाही म्हणा.

वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या, बालवाडी बंद पडली. मग माझे हाल सुरू झाले. कुणी मला वापरून टेम्पोवर गाद्या आवळल्या. शेवटी मला गच्चीवर दोन खांबांना ताणून बांधले. चादरी सरळ वाळाव्यात म्हणून माझ्या गाठी एकेक करून सोडवल्या. शेपटीची गाठ मात्र घट्ट बसली होती, ती कुणाला सुटली नाही. मला या सगळ्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? ज्याने मुले सांभाळली, त्याच्या नशिबी लोकांचे पायजमे आले.

बाई त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. जिना पायांना पाठ होता, म्हणून ऊन खायला त्या गच्चीवर येत. माझ्यापासून हातभर अंतरावर बसत, पण मी त्यांना दिसत नसे. त्यांच्या डोळ्यांसमोरचे सारे पुसले गेले होते. नजरेच्या कडेला काय दिसेल तेवढेच. शेंगदाणा आता मोठी झाली होती, शाळेची व्हॅन चालवत होती. कपडे वाळत घालायला ती वर आली की दोघींच्या गप्पा होत.

आमच्या गल्लीतले सगळे दर वसंतात एका रविवारी बागेत जात. झाडे फुलांनी डवरलेली असत, बँड असे, मुलांच्या शर्यती असत. बाई मात्र गेल्या वर्षी गेल्या नव्हत्या. विचारले की गुडघ्यांवर ढकलत. पण यंदा एके दिवशी गच्चीवर त्यांनी शेंगदाण्याला खरे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी भाच्याने त्यांचा दंड धरून रस्ता ओलांडून दिला होता, आणि एक सायकलवाला ओरडला होता, म्हातारीला नीट धर म्हणून. ते त्यांच्या मनाला फार लागले होते.

"झाडं बघायची होती गं," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसतंय तेही पुढच्या वसंतात राहील असं नाही, डॉक्टर म्हणाले. पण जन्मभर मी लोकांची पोरं रस्त्यापलीकडे नेली. आता मला कुणी धरून न्यायचं? नकोच ते."

चादरीला चिमटा लावायला शेंगदाण्याने हात वर केला, तो नेमका शेपटीच्या गाठीवर पडला. हात तिथेच राहिला.

संध्याकाळी तिने मला सोडले, साबणाने घासून धुतले आणि पुन्हा गाठी मारल्या. रविवारी सकाळी गल्लीतली बारकी पोरे घेऊन ती बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोरं माझं ऐकत नाहीत. पुढची गाठ तुम्ही धरा."

बाईंनी मला हातात घेतले. बोटे एकेका गाठीवरून पुढे सरकू लागली. "कुणी मारल्या या? सैल आहेत," त्या पुटपुटल्या. मग बोटे शेपटीच्या गाठीवर आली आणि थांबली. माझ्या अंगातला पीळन्‌पीळ ताठ झाला. बाईंनी मला ओळखले होते. शेंगदाण्याची युक्तीही ओळखली होती. मूळची त्यांचीच ती, त्यांना कशी कळणार नाही? आता त्या मला खाली टाकतात की काय, असे वाटून मी घाबरून गेलो.

"पुढे दिसणारं माणूस लागतं," बाई म्हणाल्या. "पुढे तू हो. मी शेपटीला राहते. कुणी सुटलं तर कळायला नको?"

शेंगदाणा तोंड फिरवून घराची किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

आम्ही निघालो. "पायरी" म्हणून शेंगदाण्याने सांगितले, आणि तो शब्द पोरापोरांतून मागे बाईंपर्यंत गेला. त्यांच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी होता तो. मोठा रस्ता आला. गाड्या थांबल्या. कुणीही बाईंचा दंड धरला नव्हता. पलीकडे पोहोचल्यावर शेंगदाणा उभी राहिली. तिने मागे वळून पाहिले नाही, नुसती वाट पाहिली.

मागून दोन हिसके आले.

बागेत बाई मान जराशी वळवून, नजरेच्या कडेने, फुललेल्या झाडांकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मी त्यांच्या मांडीवर वेटोळे करून पडलो होतो. इतका आनंद मला नवाकोरा असतानाही झाला नव्हता.

आता मी बाईंच्या दाराआडच्या खिळ्याला असतो. गच्चीवर प्लास्टिकची नवी दोरी आली आहे. हो, तिला दोरीच म्हणा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. माझा त्यात स्वार्थ आहे. पण आणखी एक ऐका. घरातल्या कुणाला हात धरलेला रुचत नसेल, तर रागावू नका, त्यांच्या हाती एक गाठ द्या. आणि तुम्ही मागे असाल, तर रस्ता ओलांडून झाल्यावर दोन हिसके द्यायला विसरू नका. पुढे कुणीतरी त्यासाठी थांबलेले असते.