पंकजचा नंबर

राळेगावच्या ठाण्यातून जमादार नागोराव आले तेव्हा वच्छलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. खाकी दिसताच ती शेंगा टाकून उठली. जमादार खाटेवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "घाबरू नका माय. तुमच्या बंटीले आता जेलातून हप्त्यात एकदा घरी फोन करता येते. सहा मिनिटं. त्यानं दिलेला नंबर तपासाले आलो." आणि त्यांनी कागदावरचा नंबर वाचून दाखवला.

म्हातारीला आकडे कुठले कळायला! पण दारात उभ्या असलेल्या सुनेनं, निकितानं, हातातला फोन असा काही आवळला की तिला सारं कळलं. नंबर थोरल्याचा होता. पंकजचा.

ज्या भावाच्या डोक्यात बंटीनं फावडं घातलं, त्याच भावाचा. ओलिताची पाळी कोणाची, एवढ्याशा गोष्टीवरून! वर्ष झालं त्याला. मग बंटी ओल्या कपड्यांनीच ठाण्यात जाऊन बसला, मीच मारलं म्हणाला. आता या बेअकली पोराला जगातला एकच नंबर तोंडपाठ, त्याला कोण काय करणार? आणि नवऱ्याचा तो नंबर निकिता दर महिन्याला रिचार्ज मारून चालू ठेवत होती.

"दुसरा नंबर नाही काय?" जमादारांनाही अवघड झालं.

घरात दुसरा फोनच नव्हता. वच्छलाबाईची सुनेकडं बघायची छाती होईना. सून नाही म्हणाली, तर कोणत्या तोंडानं भांडायचं? एक पोरगा मसणात, एक जेलात, आणि हिचं कुंकू त्यातच गेलेलं. जेलात भेटीला जायचं तर सुनेला काय सांगून निघायचं, म्हणून वर्षभर म्हातारी गेलीच नव्हती. तरी जीव ऐकेना. एकदा आवाज कानावर पडू दे रे देवा, एवढंच तिचं चाललं होतं.

"कागदावर नातं लिहा लागते," जमादार म्हणाले. "नंबर ज्याच्या नावानं हाये, तो बंटीचा कोण?"

"भाऊ," निकिता म्हणाली. "लिहा न! मारताना भाऊ आठवला नाही, नंबर बरा आठवला."

जमादारांनी मान खाली घालून लिहिलं, तिची सही घेतली आणि गेले.

"पोरी, तुले नको असंन तर..." म्हातारी चाचरली.

"कपाशी वेचून दर महिन्याले पाचशेची मनीऑर्डर धाडता त्याले. पावत्या हळदीच्या डब्यात लपवता. भाजीत हळद काय मी टाकत नाही?" निकिता म्हणाली. "बोला त्याच्याशी. पण पहिले मी बोलीन. ते शेवटचं काय बोलले, हे त्याच्याशिवाय कोणाले माहीत हाये?"

शनिवारी सकाळपासून फोन दोघींच्या मध्ये खाटेवर. तब्येत, पांघरूण, मनीऑर्डर हातात पडते की नाही, वच्छलाबाईनं विचारायचं काय काय जमवून ठेवलं होतं. पण धाकधूक वेगळीच होती. मरताना पंकजनं शिव्याशाप दिले असले तर? मग या घरात हा फोन पुन्हा काही वाजायचा नाही.

अकराला वाजला. निकितानं स्पीकर लावला.

"माय?"

"मी हाये, निकिता."

तिनं फोन तोंडाजवळ ओढला.

"शेवटी काय म्हणाले ते? खरं सांग."

बंटी बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. म्हातारीचा जीव नुसता वरखाली. बोल रे भाड्या, बोल! पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

"वहिनी... मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माही बनियन बांधली. तो म्हणे, 'बंट्या, पाटात पाय घसरून दगडावर पडलो म्हणून सांग घरी. तुह्यं नाव घेऊ नको.'" त्याला हुंदका आवरेना. "मले नाही जमलं वहिनी तसं सांगाले."

निकिता फोनकडं बघतच राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. धाकट्याची चूक अंगावर घ्यायची पंकजची लहानपणापासूनची खोड. वच्छलाबाईला पदर तोंडात कोंबावा लागला.

मग निकितानं फोन सासूच्या हातात दिला. "घ्या आई. दीड मिनिट राह्यलं."

जमवून ठेवलेलं सारं म्हातारी विसरली. फोन दोन्ही हातांनी धरून ती एवढंच म्हणाली, "जेवला काय रे?"