वरचं बटण, खालचं बटण

"वहिनी, दाबून टाका की एकदा. कोण बघतंय इथे?"

टर्बाइनवाला चहा घेऊन आला होता. नवऱ्याचा दोस्त, म्हणून मी वहिनी. नदी अडवता येते, याचं तोंड अडवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

"चहा ठेव आणि बाजूला हो. काचेवर सावली पडते तुझी."

धरणाच्या पोटात माझी ही खोली. समोर जाड काच आणि काचेपलीकडे माशांचा जिना. अंडी घालायला वर निघालेल्या माशाला धरण ओलांडता यावं, म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी पाणी सोडलेलं असतं. मासा वर गेला की वरचं बटण दाबायचं, खाली परतला की खालचं. खालचं दाबलं की आधीचा मासा वजा होतो. काम एवढंच, पण नजर हलली की गेलं.

यंदा नजर हलली असती तरी काही बिघडलं नसतं. एकही आला नव्हता.

कायदा सांगतो, हा मासा संपत चाललाय, तर वीजविक्रीतला वाटा जिन्याला द्या आणि हंगामभर थोडं पाणी टर्बाइनऐवजी इकडे सोडा. माझा पगारही त्यातलाच. पण वीजवाल्यांनी भांडून एक कलम घालून घेतलं. सलग तीन हंगाम एकही मासा वर गेला नाही, तर जिना कायमचा बंद आणि सगळं पाणी टर्बाइनला. हा तिसरा हंगाम, आणि आज माझी कामाची पाळी संपली की तोही संपणार होता.

सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. उठत होते, बसत होते, पुसलेली काच पुन्हा पुसत होते. पगार जाईल तो जाईलच, पण घरी सासरे आहेत. धरण व्हायच्या आधी याच नदीत जाळं टाकायचे. आता डोळे गेलेत, तरी रोज मी चपला काढायच्या आत विचारतात, "आले का पाहुणे?" आज काय सांगणार होते मी, कपाळ?

"तुमच्या पाहुण्यांपायी आमचा फ्रीज दुपारभर बंद असतो," टर्बाइनवाला म्हणाला. "तरी मीच सांगतोय, दाबा. जिना राहील, नोकरी राहील. एका माशाने कुणाचं काय..."

मी हातानेच त्याला गप्प केलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं.

मासाच होता. चांगला मोठा. पाठ खरचटलेली, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. धारेला तोंड देऊन तो तसूतसूने पुढे सरकत होता. "ये रे बाबा, ये," मी चक्क मोठ्याने म्हणत होते. काच ओलांडून तो दिसेनासा झाला आणि मी वरचं बटण दाबलं.

"झालं तुमचं काम," टर्बाइनवाला म्हणाला. "आता चहा तरी प्या."

मी कप हातात घेतला, पण काचेवरची नजर हलवेना. थोड्या वेळाने वरच्या बाजूने आधी शेपटी दिसली. मग ती खरचटलेली पाठ. पाणी त्याला मागे ढकलत होतं.

"तोंड वरच आहे की त्याचं," तो हळूच म्हणाला. "वर चाललाय असंच धरा, वहिनी."

"खाली चाललाय."

"कुणाला कळणार आहे?"

"घरी विचारणारा माणूस आहे," मी म्हटलं आणि खालचं बटण दाबलं.

रडू आलं. त्याहून जास्त राग आला, माशाचा, त्या कलमाचा आणि माझ्या या बोटाचा. पाळी संपेपर्यंत काचेला डोळे लावून बसले. तो पुन्हा आला नाही.

घरी चपला पायातच होत्या.

"आले का पाहुणे?"

"एक आला होता, बाबा."

सासरे ताठ बसले. "गेला वर?"

हो म्हणणं अगदी ओठावर आलं होतं.

"नाही. दमला. पाण्याने मागे नेला."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "तोंड कुठे होतं?"

"वर."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर. "केवढा होता गं?"

मी त्यांची मनगटं धरून हात एकमेकांपासून दूर नेले.

"एवढा?"

"आणखी थोडा."

मी चहा करून समोर आणून ठेवला, तरी त्यांनी हात खाली घेतले नव्हते.