चिमट्यातली हवा

गेलेल्याची आठवण जपणे हा राहिलेल्यांचा धर्म आहे, आणि राहिलेल्याची वाट मोकळी करून देणे हाही धर्मच आहे. बहुतेक घरांत हे दोन धर्म आपापल्या कोनाड्यांत सुखाने नांदतात. परंतु क्वचित ते एकाच वस्तूत येऊन बसतात, आणि मग त्या वस्तूला कोणीकडूनही हात लावला तरी काहीतरी दुखावतेच. नेवार लोकांच्या कीर्तिपुरातल्या तीर्थमायेच्या घरी ती वस्तू म्हणजे एक डोंगरी सायकल होती. नेमके सांगायचे तर त्या सायकलच्या पुढच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरून धक्के झेलणाऱ्या दुहेरी दांड्यात, कोंडलेली हवा होती.

सायकल उकेशची, तीर्थमायेच्या थोरल्या मुलाची. खोऱ्याच्या काठाकाठाने सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणाऱ्या शर्यतीसाठी त्याने ती मागच्या भाद्रपदात सज्ज केली होती. अंगणात बसून लहानशा पंपाने त्याने चिमट्यात हवा भरली; मग वर बसून, चिमट्याच्या चकचकीत पायावरची रबराची कडी आपल्या वजनाने किती वर सरकते ते पाहिले. कडी जिथे थांबली तिथे धाकट्या बहिणीच्या, पलिस्थाच्या, नखांच्या रंगाने त्याने एक तांबडी रेघ ओढली.

"ही रेघ म्हणजे मी," तो हसून म्हणाला होता. "इथवर दबला की समजायचं, चिमट्यानं मला ओळखलं."

त्या दिवशी त्याच्या अंगात कणकण होती. ती डेंग्यूची निघाली. खाटेवर पडल्या पडल्या त्याने पलिस्थाचा हात धरून सांगितले, "चिमटा तयार आहे. मी नाही, तर तू ने." त्यानंतर तो जे बोलला ते तापाचे बोलणे होते.

बरखीचे, म्हणजे सुतकाचे, वर्ष पांढऱ्या वस्त्रांत सरले. सुतक फिटल्यावर पलिस्थाने तळघरातल्या खुंटीवरून सायकल उतरवली. सीट खाली घेतली, चेन नवी घातली, ब्रेक घट्ट केले. एवढे आईने होऊ दिले. परंतु मुलीने चिमट्याच्या हवेच्या टोपणाला हात घालताच तीर्थमाया स्वयंपाकघरातून खाली आली.

"तिथं नको."

"मां, हवा माझ्या वजनाची करावी लागेल."

"ती त्याच्या हातची आहे. पंपाचे ठोके मी वरून ऐकत होते. ताप अंगात होता तरी भरत होता. आणि तयार आहे म्हणाला ना तो? मग तयार आहे."

पलिस्थाने टोपणावरचा हात काढला. मरणाऱ्याने उच्चारलेल्या शब्दाशी वाद घालण्याचे बळ विसाव्या वर्षी कोणापाशी असते?

ती रोज पहाटे चंद्रागिरीचा चढ चढू लागली. चढावर सायकल गुणी होती. उतारावर मात्र परकी. दगडांवर चिमटा दबतच नसे. पुढचे चाक टणाटण उडे, हात मनगटापर्यंत बधिर होत. चंपादेवीखालच्या दगडी पायऱ्यांवर एके सकाळी चाक असेच उडाले आणि ती बांबूच्या बेटात जाऊन पडली. कोपर सोलवटले. डावीकडे दोन हातांवर दरी होती. पडल्या पडल्या तिला वाटले, कोणीतरी सायकल सावरून धरली आहे. पुढचे चाक काठावर अलगद थांबले होते. पण तिथे कोणी नव्हते.

तिच्या मामाचे, अष्टमानचे, नयाबजारात सायकलदुरुस्तीचे दुकान होते. कीर्तिपुरात मामाला पाजु म्हणतात. पाजु विधुर, एकटा जीव. सणावारी थोरल्या बहिणीकडे जेवायचा आणि एरवी गिऱ्हाइकांना टोमणे मारून पोट भरायचा. कोपर पाहून तो म्हणाला, "वा! शर्यतीआधीच बक्षीस मिळालं की."

"पाजु, चिमटा दबतच नाही."

"कसा दबेल? त्याला वाटतंय वर अजून तोच बसलाय. धष्टपुष्ट गडी होता तो. तू म्हणजे त्याच्या पाठीवरची माशी." त्याने सायकल दाबून पाहिली आणि त्याचा आवाज उतरला. लहान पोरीला म्हणतात तसे तो तिला मायेने नानी म्हणे. "नानी, शर्यतीचा शेवटचा उतार याच्या तिप्पट आहे. या हवेवर तिथं गेलीस, तर मी सायकल आणायला येईन की तुला, सांगता येत नाही."

"हवा तेवढीच आहे का, ते तरी बघा. वर्षभरात थोडी निघून गेली असेल."

"तेही नाही बघता येत. पंप लावला की थोडी हवा नळीत येणारच. मोजायचं म्हटलं तरी त्याला थोडं सोडावंच लागतं." मग आपणच काहीतरी भलते बोललो असे वाटून तो चेन पुसत बसला.

याच सुमारास कडीचा प्रकार सुरू झाला. पलिस्था वर बसे तेव्हा कडी जेमतेम करंगळीभर वर सरके. उतरल्यावर ती कडी खाली लोटून ठेवी आणि तळघराचे दार लावून झोपायला जाई. सकाळी पाहावे तर कडी तांबड्या रेघेवर. जणू कोणी भरल्या देहाचा माणूस येऊन, क्षणभर बसून, उतरून गेला होता. पहिल्यांदा तिला आईचा संशय आला. पण तीर्थमाया तर सुकलेल्या काटकीसारखी झाली होती. तिने सारा भार टाकला असता तरी कडी तिथवर गेली नसती. आई रोज सकाळी सायकलपुढे पोह्यांची मूठ ठेवते, हे मात्र तिला माहीत होते.

तिने हे कोणालाही सांगितले नाही. तिला भय वाटत नव्हते; त्याहून कठीण असे काहीतरी वाटत होते. दाजू, तिचा थोरला भाऊ, वाट पाहतो आहे, पण कशाची, ते तिला उमगत नव्हते.

कार्तिकात म्हपूजा आली. म्ह म्हणजे देह. नव्या वर्षाच्या त्या सायंकाळी खोऱ्यातला नेवार माणूस आपल्याच देहाची पूजा करतो. घरातल्या प्रत्येकासाठी जमिनीवर एकेक मंडल रेखतात, आणि ओळीच्या शेवटी यमराजालाही एक देतात. गेल्या वर्षी सुतकामुळे पूजा झाली नव्हती. शर्यत आता दोन दिवसांवर होती.

पलिस्था आणि पाजु आपापल्या मंडलांपुढे बसले, आणि पाजुचे ओळीकडे लक्ष गेले. आईचे मंडल, त्याचे, पलिस्थाचे, त्यानंतर आणखी एक, आणि मग यमराजाचे. त्या जादा मंडलामागे, भिंतीला टेकवून, तीर्थमायेने सायकल उभी केली होती.

"तता," पाजु थोरल्या बहिणीला हळूच म्हणाला, "हे कुणाचं?"

"परगावी असलेल्याचं मंडल घालतात की नाही?"

"परगावी असलेल्याचं घालतात."

 तीर्थमायेने तेलातल्या लांब वाती सर्वांच्या मंडलांवर लावल्या, त्या मंडलावरही. मग मखमली फुलांची माळ घेऊन ती उठली आणि तिने ती हँडलवर चढवली. हात काढून ती मागे सरली, आणि त्यानंतर, कोणाचाही स्पर्श नसताना, चिमटा सावकाश खाली दबला. कडी वर सरकली. तांबड्या रेघेपाशी येऊन थांबली.

तिघांनीही पाहिले. रस्त्यावरून पोरांची गाणी ऐकू येत होती, आणि घरात वातींचा तडतडाट तेवढा उरला होता. चिमटा पुन्हा वर आला नाही.

"बसला," तीर्थमाया म्हणाली. तिचा चेहरा वर्षानंतर प्रथमच उजळला होता. "बघ अष्टमान, बसला माझा पोरगा."

पाजुला जन्मात प्रथमच टोमणा सुचला नाही. बोलली ती पलिस्था. 

"मां, तू त्याला बसवलंस. पण मंडल झाडल्याशिवाय बसलेल्याला उठता येत नाही, हे तूच शिकवलंस ना? लहानपणी मी मध्येच उठले तर पाठीत धपाटा घालायचीस."

"मग?"

"मग तो वर्षभर बसूनच आहे. वाट बघतोय, कुणी झाडू घेईल म्हणून. रोज सकाळी कडी रेघेवर असते, मां. मी रोज खाली करते, तो रोज बसतो. त्याला उठायचंय. तुझा धपाटा नको म्हणून उठत नाही."

तीर्थमायेने मुलीकडे पाहिले. मग त्या दबलेल्या चिमट्याकडे. म्हातारपणी माणसाला रडू येते तसे तिला आले नाही. तिने फक्त एकदा मान हलवली, जशी बाजारात शेवटचा भाव मान्य करताना हलवतात. वाती जळून गेल्या. प्रथेप्रमाणे तिने झाडू घेतला, आपले मंडल झाडले, भावाचे झाडले, मुलीचे झाडले. चौथ्यापाशी तिचा हात थबकला.

"लवकर उठायची खोडच होती मेल्याला," ती पुटपुटली, आणि तिने झाडू फिरवला.

मग ती म्हणाली, "अष्टमान, सोड."

पाजुने टोपण काढले, पण हवा सोडायची आतली खिळी त्याच्याने दाबवेना. शेवटी पलिस्थाने दाबली. हवा निघाली ती एकदम नव्हे. लांब, एकसारखी, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखी. तिला तेलाचा वास होता, आणि वर्षभर बंद राहिलेल्या गारव्याचा. तीर्थमायेने चेहरा पुढे नेला आणि तो वारा कपाळावर घेतला. विझू आलेली यमराजाची वात एकदा कलली, पुन्हा सरळ झाली, आणि आपल्या वेळेनेच संपली.

"पंप दे," तीर्थमाया म्हणाली. "आता मी भरणार."

तिने पंप दोन्ही पायांत धरला आणि ठोके देऊ लागली. तेच ठोके, वर्षापूर्वी वर स्वयंपाकघरात ऐकलेले. पलिस्था सायकलवर बसली, उतरली, पुन्हा बसली. पाजु कडीवर डोळा ठेवून होता, आणि त्याची जीभ हळूहळू ताळ्यावर येत होती.

"बस, बस! थांब तता, पोरीला शर्यतीला पाठवायचंय, विमानात नाही. थोडी काढ. आणखी थोडी. हं. आता ओळख पटली."

कडी तांबड्या रेघेच्या पुष्कळ खाली नव्हती, पण तिची स्वतःची जागा होती. पलिस्थाने नखांच्या रंगाची तीच जुनी बाटली आणून तिथे दुसरी रेघ ओढली. पहिली पुसू का, असे तिने डोळ्यांनीच विचारले.

"राहू दे," आई म्हणाली. "वरच्या मजल्यावर कुणी राहत होतं, एवढं कळू दे चिमट्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलिस्थाने पाहिले. कडी तिने लोटून ठेवली होती तिथेच होती. चंपादेवीच्या पायऱ्यांवर चाक दगडांना धरून उतरले. ती खाली पोचली, आणि तिने मागे वळून पाहिले, तर बांबूचे बेट फक्त वाऱ्याने हलत होते. तेव्हा मात्र तिला रडू आले.

शर्यतीच्या दिवशी, पूर्व फटफटण्यापूर्वी, तीर्थमायेने उंबऱ्यात सगुन दिले: एका हातात उकडलेले अंडे, दुसऱ्या हातात सुकी मासळी, आणि तांदळाच्या घरच्या दारूचा एक घोट. बरखीनंतर त्या घरातून दिले गेलेले ते पहिले सगुन. तिने मुलीला थांबवले नाही.

त्या पोरीचे उतार सौम्य होवोत. जो उठून गेला, त्याला पुढची वाट सापडो. आणि ज्या हातांनी मंडल झाडले आणि हवा भरली, त्यांना सायंकाळी परतलेल्या पोरीला दार उघडण्याचे सुख लाभो.