नक्षीचा तास
“खोडरबर कुणीही बाहेर काढायचा नाही,” शिक्केबाई म्हणाल्या, आणि सहावीचा अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघतच राहिला.

चित्रकलेचे सर पाय मोडून घरी बसले होते, म्हणून मोठ्या बाईंनी ऑफिसातल्या कारकूनबाईंनाच वर्गावर पिटाळलं होतं. “नुसतं लक्ष ठेवा. डोकी फुटली नाहीत म्हणजे मिळवलं!”

सव्वीस वर्षं दाखल्यांवर शिक्के मारणाऱ्या या बाईंना मुलांनी ते नाव ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. शिकवायची वेळ कधी आलीच नव्हती. त्यांना येत होती ती एकच गोष्ट. फोनवर ताटकळताना रद्दी कागदांच्या पाठीवर त्या बारीक नक्षी भरत बसत. त्यावरून बोलणीही खाल्ली होती.

त्यांनी फळ्यावर चौकोन काढला आणि त्यातून दोन वेड्यावाकड्या रेघा सोडल्या. “एकेका कप्प्यात एकच गोष्ट भरायची. लाटा, नाहीतर ठिपके, नाहीतर खवले. सावकाश. बोलायचं नाही, शेजारच्याच्या वहीत डोकवायचं नाही.”

“पण बाई, हे चित्र कशाचंय?”

“कशाचंच नाही.”

“मग चुकलं ते कळणार कसं?”

“नाहीच कळणार. म्हणून तर!”

वर्ग हसला आणि हसता हसता कामाला लागला.

पहिल्या बाकावरून मात्र पान फाडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. वर्गात कायम पहिली येणारी मुलगी रडकुंडीला आली होती.

“माझी लाट वाकडी झाली.”

शिक्केबाई तिच्याशेजारी बाकावर कशाबशा मावल्या. “वाकडीच आहे,” त्यांनी कबूल केलं. “आता तिच्याखालची तश्शीच वाकडी काढ.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

मुलीने ओठ दाताखाली धरला. सातव्या रेघेपर्यंत सगळा कप्पा वाऱ्याने झुकलेल्या गवतासारखा दिसू लागला.

“बाई, हे तर ठरवून काढल्यासारखं वाटतंय!”

“मग ठरवूनच काढलंय म्हणायचं.”

एवढ्यात मोठ्या बाई लगबगीने दारात आल्या. “आवाज नाही, काही नाही... मुलं गेली कुठे?” समोर अडतीस डोकी वह्यांवर वाकलेली. त्या तशाच उभ्या राहिल्या. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

तीन आठवडे, दर शुक्रवारी शेवटच्या तासाला, हे असं चाललं. मग सर काठी टेकत परत आले. “बरं झालं बाई, फायली साचल्या होत्या,” असं म्हणत शिक्केबाई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. पण त्या शुक्रवारी शेवटच्या तासाची घंटा झाली आणि त्यांचा हात कागदावरच थांबला. आता पहिल्या बाकावर त्या मुलीशेजारी कोण बसत असेल, असं उगाच मनात येऊन गेलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर सहावीचा अर्ज होता. खाली अडतीस सह्या, चारही बाजूंनी लाटा नि खवले.

“सर म्हणतात, शुक्रवारचा शेवटचा तास तुम्हालाच देऊन टाकावा. घ्याल?”

“बघते,” शिक्केबाई म्हणाल्या. लगेच हो म्हणणं त्यांना बरं दिसेना. मग दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या. “घेते.”

शाळेचं वेळापत्रक दरवर्षी त्याच टाइप करत. सगळ्या शिक्षकांची नावं त्यांच्या बोटांना पाठ होती. शुक्रवारच्या शेवटच्या चौकटीत त्यांनी आज आपलं नाव घातलं, आडनावासकट. दोनदा वाचलं.

सूचनाफलकावर कागद लावायचं काम शिपायाचं. तो पुढेही झाला होता.

“राहू द्या दादा,” त्या म्हणाल्या, आणि चार टाचण्या मुठीत घेऊन स्वतः बाहेर गेल्या.