मधला माणूस बाहेर बसला तेव्हा

देवाने माणसाला जीभ दिली ती गोड बोलायला, आणि ती सुटू नये म्हणून पुढे दातांचं कुंपणही घातलं. थोरल्याने दोन्हींचा उपयोग उलटा केला. आवरायला हवं तिथे बोलून बसला, आणि बोलायला हवं तिथे दात आवळून उभा राहिला. मग जे व्हायचं ते झालं.

आदल्या दिवशी फुटबॉलचा बाद फेरीचा सामना होता. हरेल त्याने गुमान घरी जायचं, असा. आपला संघ वर्षभर कुणाकडून हरला नव्हता आणि समोरचे लोक पडत-धडपडत इथवर आलेले. जिंकणार यात कुणाला शंकाच नव्हती. मिरवणुकीचा ट्रकसुद्धा सांगून ठेवला होता. तो ट्रक रिकामाच परत गेला. एकच गोल, पण अगदी शेवटच्या घटकेला बसलेला.

थोरला म्हणजे संघाचा कर्णधार, गोलकीपर आणि पेशाने सुतार. सकाळपासून त्याच्या सुतारखान्यात जो येई तो पराभवाचं कारण हातात घेऊनच येई. खुर्चीचा पाय बसवून घ्यायला आलेल्या शिक्षकांच्या मते गवत ओलं होतं. दूधवाल्याने पंचाचे डोळेच अधू ठरवले. एका आजोबांनी सगळा ठपका बुटांवर ठेवला. त्यांच्या काळी म्हणे पोरं अनवाणी खेळायची आणि जिंकून यायची. पण दुपार कलली तशी सगळी कारणं उतारावरच्या पाण्यासारखी एकाच बाजूला वाहू लागली. धाकट्याच्या. चेंडू डोळ्यांसमोर टप्पा खात होता आणि हा खांबासारखा उभा. कुणी म्हणालं, झोपला होता. कुणी डोळा बारीक करून म्हणालं, झोपवला असेल कुणीतरी, पैसे चारून.

धाकटा म्हणजे थोरल्याचा सख्खा भाऊ. मैदानावर त्याच्या पुढ्यात बचावाला उभा राहायचा, आणि सुतारखान्यात थोरल्याने जोडलेल्या लाकडाला पॉलिश करायचा. आत्ताही तो दाराकडे पाठ करून बसला होता. एका कपाटावर हात चालू होता. ऐकू सगळं येत होतं, पण वळून बघितलं नाही.

थोरल्याचा रंधा फळीवर अडकू लागला. त्याने पातं काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. फळी ठेवून दुसरी घेतली, तीही ठेवली. जेवायला घरी गेला तो दोन घास खाऊन उठला. बायकोने ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, भूक मेली की मन खातंय? तो म्हणाला, डोकं दुखतंय. ती म्हणाली, डोकं दुखायला ते वापरावं लागतं.

संध्याकाळी मास्तरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, सगळ्यांना मैदानाशेजारच्या खोलीत बोलावलं होतं. का हरलो ते कर्णधाराने उभं राहून सांगायचं, आणि धाकट्याला ठेवायचं की काढायचं ते त्यावर ठरणार. थोरल्याला कारण पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याला कुठे बसवेना.

आता खरं कारण ऐका. दीड वर्षामागे धाकट्याला मुलगी झाली, तेव्हा थोरल्याने जीव ओतून पाळणा केला. लाकूड असं, की नुसता हात फिरवत राहावं. धाकट्याने बायकोच्या हौसेखातर त्यावर निळा रंग फासला. थोरल्याने तो बघितला आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, ज्याला लाकडाची किंमत कळत नाही त्याला पोरीची काय कळणार. झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

पण काम तर चालायला हवं. तेव्हा मधे उभे राहिले दाजी, दोघांच्या ताईचे यजमान. हातभर अंतरावरून थोरला म्हणायचा, दाजी, त्याला सांगा खिडकी जोडून झाली, पॉलिशला घे. दाजी वळून सांगायचे, खिडकी जोडून झाली रे, पॉलिशला घे. मैदानावरही तेच. पोट सुटलं होतं तरी दाजी बचावाच्या मधोमध असत. मागून थोरला त्यांना ओरडायचा, ते पुढे धाकट्याला ओरडायचे. संघ हसायचा. मास्तरही हसायचे, कारण जिंकत होते. चाललंय ना, मग चालू द्या, असं सगळ्यांनीच म्हटलं होतं.

आणि दाजींना आधीच्या सामन्यात दुसरं पिवळं कार्ड मिळालं. या सामन्याला ते बाहेर, प्रेक्षकांत. त्यांच्या जागी एक पोस्टमन उभा केला. तो बिचारा पत्रं पोचवणारा, पण असले निरोप त्याला कुणी शिकवलेच नव्हते. चेंडू उंच आला, दोघा भावांच्या मधे पडला. चेंडू कुणी घ्यायचा ती हाक मारायची गोलकीपरने. थोरल्याच्या गळ्याशी हाक आली, आणि सवयीने त्याची नजर दाजींना शोधत गेली. धाकटा वळून वाट बघत राहिला. तेवढ्यात समोरचा एक काटकुळा पोरगा मधे घुसला आणि पायाच्या टोकाने चेंडू ढकलून गेला.

खोलीत सगळे भिंतीला टेकून बसले होते. धाकटा कोपऱ्यात. त्याने बुटांची पिशवी सोबत आणली होती, परत द्यायला असावी. थोरला उभा राहिला. कपाळावरून हात फिरवला, गवतापासून सुरुवात केली, आणि मधेच थांबला.

"गवताला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "हाक माझी होती. मी मारली नाही. दीड वर्ष मारली नाही. पाळण्याच्या वेळी मी जे बोललो ते कुणी वैऱ्यालाही बोलू नये. काढायचं तर मला काढा."

मास्तर चष्मा पुसत राहिले; त्या हसण्यात त्यांचाही वाटा होता, ते त्यांना कळलं असावं.

धाकट्याने मान वर केली. मग म्हणाला, "दाजी, त्याला सांगा—"

दाजी उठलेच. "तुमच्या मधे उभा राहून माझी मान आखडली रे बाबांनो. आता तुमचं तुम्ही," असं म्हणून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

आता मधे कुणी नव्हतं. धाकट्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पिशवीचा बंद सोडला, बांधला. थोरल्याला वाटलं, आता हा रडेल, शिवी देईल, उठून जाईल, काहीही.

"कपाटाच्या दाराची कड खरखरीत ठेवलीयस," धाकटा म्हणाला. "असल्या लाकडावर पॉलिश बसतं का, दादा?"

थोरला म्हणाला, "सकाळी घासतो."

"सकाळी गिऱ्हाईक कपाट न्यायला येणार. आत्ता चल."

धाकटा उठून दाराकडे निघालाही. थोरला मागोमाग. मास्तर म्हणाले, अरे, निर्णय व्हायचाय अजून. पण दोघंही रस्त्याला लागले होते, आणि कड किती घासायची यावर त्यांचा वाद सुरू झाला होता.